एक लाख चौऱ्याऐंशी हजार शून्यं

माझ्या हाती आलेला तक्ता दिसायला अगदी साधा होता. ४९५ ओळी, ३८३ स्तंभ. ओळींना मायक्रोआरएनएंची नावं, स्तंभांना माणसाच्या आजारांची. एखाद्या मायक्रोआरएनएचा एखाद्या आजाराशी संबंध असल्याचं कुणीतरी प्रयोग करून दाखवलं असेल, तर त्या चौकटीत एक, नाहीतर शून्य. एकचा आकडा ५,४३० चौकटींत होता, शून्य १,८४,१५५ चौकटींत. डीप लर्निंगच्या मॉडेलला हा तक्ता शिकवायचा आणि यातल्या कुठल्या शून्याच्या जागी उद्या एक येईल हे त्याच्याकडून काढून घ्यायचं, असं माझं काम ठरलं.

मी संगणकाची. बँकांसाठी सॉफ्टवेअर लिहिण्यात काही वर्षं घालवून पुण्यातल्या एका जीवशास्त्राच्या संशोधनगटात प्रकल्पावर आले होते. अकरावीला जीवशास्त्र सोडून इलेक्ट्रॉनिक्स घेतलेल्या मुलीला पेशी, प्रथिनं, जनुकं हे सगळं दहावीच्या पुस्तकात ठेवून आल्यासारखं होतं. तक्ता समोर आला तेव्हा पायथनमध्ये तो कसा वाचायचा हे मला कळत होतं. त्यात काय लिहिलंय हे कळत नव्हतं.

आरएनए म्हणजे डीएनएतली माहिती घेऊन प्रथिन बनवायच्या जागी जाणारा रेणू, एवढं शाळेतलं आठवत होतं. मायक्रोआरएनएपासून मात्र कुठलंच प्रथिन बनत नाही. तो साधारण बावीस अक्षरांचा तुकडा. तो दुसऱ्या, लांब आरएनएच्या शेवटाकडच्या भागाला चिकटतो आणि त्यापासून प्रथिन बनणं कमी करतो किंवा थांबवतो. चिकटताना मुख्यतः त्याची दुसऱ्यापासून आठव्यापर्यंतची अक्षरं जुळावी लागतात. अट एवढीच असल्यामुळे एकेका मायक्रोआरएनएला शेकडो जनुकांवर परिणाम करता येतो, आणि एकेका जनुकावर अनेक मायक्रोआरएनए काम करत असतात. हे ऐकल्यावर माझा पहिला प्रश्न होता, मग नेमकं कोण काय करतंय हे कळणार कसं? आमच्या गटप्रमुख मॅडम म्हणाल्या, “तेच तर तुला काढायचंय गं!”

त्यांनी मला आधी १९९३ सालाकडे नेलं. व्हिक्टर अँब्रोस आणि गॅरी रव्हकुन हे दोघं अमेरिकेत सी. एलिगन्स नावाच्या जेमतेम एक मिलिमीटर लांबीच्या कृमीवर काम करत होते. लिन-४ हे जनुक बिघडलेला कृमी वाढीचे सुरुवातीचेच टप्पे पुन्हा पुन्हा गिरवत राहतो. हे जनुक बनवतं काय, याचा शोध घेताना प्रथिन सापडेनाच. सापडला तो बावीस अक्षरांचा आरएनए. तो लिन-१४ या दुसऱ्या जनुकाच्या आरएनएला चिकटून त्याचं प्रथिन बनणं रोखत होता. पुढची सात वर्षं बहुतेकांनी याला त्या कृमीचं वैशिष्ट्य समजून बाजूला ठेवलं. मग २०००मध्ये लेट-७ हा दुसरा मायक्रोआरएनए सापडला आणि तो माशांत, कीटकांत, माणसातही जवळपास तसाच असल्याचं दिसलं. २०२४चं वैद्यकाचं नोबेल या दोघांना मिळालं. मला या गोष्टीत सगळ्यात भावलं ते हे की त्यांनी आपापले निष्कर्ष एकमेकांना दाखवले, म्हणून दोन्ही जनुकांची अक्षरं शेजारी ठेवून पाहता आली.

आजाराशी धागा जुळला २००२मध्ये. क्रॉनिक लिम्फोसायटिक ल्युकेमिया या रक्ताच्या कर्करोगाच्या अर्ध्याहून अधिक रुग्णांत तेराव्या गुणसूत्राचा एक तुकडा गळालेला असतो. त्या तुकड्यात कर्करोग रोखणारं एखादं जनुक असणार, म्हणून कितीतरी गट ते शोधत होते आणि प्रथिन बनवणारं योग्य जनुक हाती लागत नव्हतं. फिलाडेल्फियात कार्लो क्रोचे यांच्या गटातल्या जॉर्ज कालिन आणि सहकाऱ्यांना तिथे मीर-१५ आणि मीर-१६ हे दोन मायक्रोआरएनए सापडले. त्यानंतर आजार आणि मायक्रोआरएनए यांच्यावरच्या शोधनिबंधांचा पूर आला. ते सगळे वाचून त्यातले संबंध नोंदवण्याचं काम पेकिंग विद्यापीठातल्या गटाने हाती घेतलं. तो माहितीसंग्रह म्हणजे एचएमडीडी. माझा तक्ता त्याच्या दुसऱ्या आवृत्तीतून निघाला होता. या विषयावरचे असंख्य निबंध हाच तक्ता वापरतात, म्हणून ५,४३० हा आकडा या क्षेत्रात सगळ्यांना तोंडपाठ असतो.

इथवर आल्यावर मला वाटलं की आता कोड लिहायला घ्यावा. पण नावांनी अडवलं. इंग्रजीत लिहिताना ‘मीर’मधला शेवटचा आर मोठ्या लिपीत असला तर तो तयार मायक्रोआरएनए, छोट्या लिपीत असला तर त्याच्या आधीची दुमडलेली रचना. त्या एका रचनेच्या दोन बाजूंपासून दोन वेगळे मायक्रोआरएनए निघू शकतात. एकाला ५पी म्हणतात, दुसऱ्याला ३पी. दोघांची अक्षरं वेगळी, त्यामुळे ज्यांना ते चिकटणार ती जनुकंही वेगळी. नावापुढे ए किंवा बी लागला तर जवळचा भाऊबंद. एक-दोन आकडा लागला तर तयार मायक्रोआरएनए तोच, पण गुणसूत्रावरची जागा वेगळी. नावांची नोंद ठेवणाऱ्या मीरबेसच्या २०१८च्या आवृत्तीत माणसाच्या अशा १,९१७ मूळ रचना आणि २,६५४ तयार मायक्रोआरएनए आहेत. माझ्या तक्त्यातली नोंद मूळ रचनेच्या, म्हणजे जनुकाच्या पातळीवरची. ५पी की ३पी, हा तपशील तिथे पोचेपर्यंत गळालेला होता. मी बँकेची खाती जुळवत आले आहे; दोन वेगळे खातेदार एकाच क्रमांकाखाली घातलेले पाहून मला स्वस्थ बसवेना. मॅडमनाही ते खुपत होतं. पण जुने निबंधच कितीदा नुसतं मीर-अमुक एवढंच लिहून थांबतात, असं त्यांनी दाखवलं.

आजारांच्या नावांची गोष्ट त्याहून मजेशीर. दोन आजार एकमेकांसारखे आहेत का, हे संगणकाला आकड्यात सांगावं लागतं. त्यासाठी अमेरिकेच्या नॅशनल लायब्ररी ऑफ मेडिसिनची मेश ही संज्ञावली वापरतात. तिच्यात प्रत्येक आजार वरच्या, अधिक व्यापक गटाखाली टाकलेला असतो, आणि तो गट आणखी वरच्या गटाखाली. आजाराला स्वतःला एक, त्याच्या वरच्या गटाला अर्धा, त्याच्याही वरच्याला पाव, असं वजन देत जायचं. दोन आजारांच्या वरच्या साखळ्यांत जितकं सामायिक, तितके ते सारखे. स्तनाचा कर्करोग मी तिथे शोधला तर तो दोन जागी मिळाला. एक अपेक्षेप्रमाणे गाठींच्या गटात. दुसरी जागा त्वचा आणि संयोजी ऊतींच्या आजारांत, कारण मेशमध्ये स्तनाचे विकार त्वचाविकारांखाली येतात. म्हणजे माझ्या मॉडेलच्या लेखी स्तनाच्या कर्करोगाचं त्वचेच्या आजारांशीही थोडं नातं निघणार. हे बरोबर की चूक, हा प्रश्न ग्रंथालयाच्या दृष्टीने निरर्थक आहे, कारण ती संज्ञावली निबंध शोधता यावेत म्हणून बनलेली आहे. जीवशास्त्राच्या दृष्टीने मात्र तो प्रश्न उरतोच, आणि त्याचं उत्तर मला कुणी देऊ शकलं नाही.

मॉडेलचा गाभा मला त्या मानाने सोपा गेला. सगळ्या पद्धतींच्या मुळाशी एकच गृहीत आहे: सारखे मायक्रोआरएनए सारख्या आजारांशी जोडलेले असतात. २०१०च्या सुमारास या गृहीतावर साध्या संभाव्यतेच्या पद्धती आल्या. मग जाळ्यावर यादृच्छिक चालणाऱ्या पद्धती, मग तक्त्यातल्या रिकाम्या जागा गणिताने भरणाऱ्या, आणि मग डीप लर्निंग. मी वापरलं ते ग्राफ कन्व्होल्युशनल नेटवर्क. मायक्रोआरएनए आणि आजार हे सगळे बिंदू, तक्त्यातला प्रत्येक एक म्हणजे दोन बिंदूंमधली रेघ. प्रत्येक बिंदूला आकड्यांची एक यादी द्यायची. प्रत्येक थरात बिंदू आपल्या शेजाऱ्यांच्या याद्या गोळा करतो, त्यांची वजनदार सरासरी काढतो आणि स्वतःची यादी बदलतो. दोन थरांनंतर शेजाऱ्याच्या शेजाऱ्याचीही माहिती त्याच्यापर्यंत पोचते. शेवटी मायक्रोआरएनएची यादी आणि आजाराची यादी यांचा गुणाकार करून संबंधाचा गुण काढायचा, शून्य ते एकच्या मधला. कुठली वजनं घ्यायची हे मॉडेल उदाहरणांवरून शिकतं.

चाचणीसाठी तक्त्यातले काही एकचे आकडे लपवून ठेवायचे आणि मॉडेल ते ओळखतं का पाहायचं. मोजमाप असतं एयूसी नावाचं. लपवलेली एक जोडी आणि शून्य असलेली एक जोडी घेतली, तर मॉडेल खऱ्या जोडीला जास्त गुण देईल याची शक्यता म्हणजे एयूसी. आंधळा अंदाज ०.५, निर्दोष मॉडेल १. छापील निबंधांत ०.९च्या पुढचे आकडे सर्रास दिसतात. माझ्या मॉडेलचा आकडाही तिथे पोचला तेव्हा झालेला आनंद खरा होता आणि तो मी लपवत नाही. बावीस अक्षरांच्या रेणूंबद्दल कालपर्यंत काही ठाऊक नसताना आपण लिहिलेल्या ओळींनी लपवलेले संबंध ओळखावेत, याने माणूस हरखणारच.

मॅडमनी तो आकडा पाहिला आणि विचारलं, “वर कोण आलेत?”

मी याद्या काढल्या. फुप्फुसाचा कर्करोग: मीर-२१, मीर-१५५, मीर-१४६ए. यकृताचा कर्करोग: तेच. हृदयविकार घेतला तरी त्याच मंडळींची ये-जा. तेव्हा त्यांनी मला मॉडेल बाजूला ठेवून एक साधी गोष्ट करायला सांगितली. प्रत्येक ओळीतले एक मोज, प्रत्येक स्तंभातले मोज, दोन्हींचा गुणाकार कर आणि त्यालाच अंदाज समज. यात ना आजारांचं साम्य, ना अक्षरं, ना शिकणं. ज्याच्या नावावर आधीच भरपूर नोंदी आहेत त्याला आणखी मिळतील, एवढंच. त्या गुणाकाराचा एयूसी माझ्या थरांवर थर चढवलेल्या जाळ्यापासून फार दूर नव्हता.

मी अवाक झाले. म्हणजे माझं मॉडेल जे शिकलं त्यातला मोठा भाग जीवशास्त्र नव्हताच. कुठल्या मायक्रोआरएनएवर लोकांनी जास्त प्रयोग केले, हे ते शिकलं होतं. मीर-२१ लवकर प्रसिद्ध झाला, म्हणून पुढच्यांनी तोच तपासला, म्हणून त्याच्या नोंदी वाढल्या, म्हणून मॉडेल त्यालाच पुढे करतं, आणि त्या यादीवरून उद्या कुणी प्रयोग करेल तोही त्याच्यावरच. २०२१मध्ये एका शोधनिबंधाने मीर-२१ला शीर्षकातच सर्व व्याधींचा अविशिष्ट दर्शक म्हटलं होतं. जो प्रत्येक आजारात बदललेला दिसतो तो कुठल्याच आजाराचं निदान करू शकत नाही, हा त्यांचा मुद्दा.

“अगं, आपण शून्य लिहिलंय खरं,” मॅडम म्हणाल्या, “पण ते कुणी मोजलेलं नाहीये.”

त्या वाक्यापासून मला हा विषय कळायला लागला असं मी मानते. ज्या विहिरीत कुणी बादलीच सोडली नाही तिला कोरडी म्हणता येत नाही. माझ्या तक्त्यातल्या १,८४,१५५ चौकटींपैकी बहुतेकांत कुणी बादली सोडलेली नव्हती. कुणी सोडली असेल आणि पाणी लागलं नसेल, तरी ते कळायला मार्ग नाही, कारण संबंध सापडला नाही असे निबंध फारसे छापून येत नाहीत. आणि मॉडेलला मात्र मी ही शून्यं ‘संबंध नाही’ म्हणून शिकवत होते. या क्षेत्रात सगळ्यांनाच तसं करावं लागतं, दुसरी नकारार्थी उदाहरणं मिळत नाहीत. काहीजण शून्यांतून विचारपूर्वक निवड करतात, काहीजण शून्याला ‘ठाऊक नाही’ समजून कमी वजन देतात. मला हा दुसरा मार्ग अधिक प्रामाणिक वाटतो आणि पुढे मी तोच धरला.

एकचे आकडेही सगळे सारखे नाहीत. स्पेनमधल्या काही कुटुंबांत पिढ्यान्‌पिढ्या ऐकू येणं हळूहळू कमी होत जातं. त्याचं कारण मीर-९६मधल्या, त्या चिकटणाऱ्या सात अक्षरांतल्याच एका अक्षराचा बदल, असं २००९मध्ये दाखवलं गेलं. तिथे मायक्रोआरएनए हेच कारण आहे. दुसरीकडे एखाद्या गाठीत एखादा मायक्रोआरएनए वाढलेला दिसला, एवढ्यावरही नोंद होते. तो गाठीमुळे वाढला की त्याच्यामुळे गाठ वाढली, ते ठाऊक नसतं. वाढला की घटला, हेही एकच्या आकड्यात मावत नाही. मूळ माहितीसंग्रहात पुराव्याचे प्रकार वेगळे दिलेले आहेत. तक्ता करताना आपणच ते सपाट करतो.

मग चाचणीच्या पद्धतीकडे पाहावं लागलं. मायक्रोआरएनएंमधलं साम्य काढायची एक रूढ पद्धत म्हणजे ते ज्या आजारांशी जोडलेले आहेत त्या आजारांवरूनच ते काढणं. आता एखादा एक चाचणीसाठी लपवला, पण साम्य मात्र पूर्ण तक्त्यावरून आधीच काढून ठेवलेलं असेल, तर लपवलेलं उत्तर साम्याच्या आकड्यांतून मॉडेलपर्यंत पाझरतं. म्हणून प्रत्येक फेरीत, लपवल्यानंतर, साम्य पुन्हा मोजलं पाहिजे. वेळ जातो, आकडा उतरतो, पण जो उरतो त्यावर विसंबता येतं. त्याहून कठीण परीक्षा म्हणजे आख्खा आजारच लपवणं: त्याचा एकही संबंध मॉडेलला दाखवायचा नाही आणि मग विचारायचं. माझ्या मॉडेलची तिथे चांगलीच दमछाक झाली. निबंधांत ही परीक्षा मागच्या पानांवर असते. मला वाटतं ती पहिल्या पानावर हवी, कारण डॉक्टरांना नव्या अंदाजाची गरज असते ती ज्या आजाराबद्दल फार कमी ठाऊक आहे तिथेच.

आणखी एक प्रथा आहे. स्तनाचा किंवा फुप्फुसाचा कर्करोग घ्यायचा, मॉडेलने दिलेले पहिले पन्नास मायक्रोआरएनए दुसऱ्या माहितीसंग्रहात शोधायचे आणि इतके इतके सापडले म्हणून सांगायचं. यासाठी बहुधा डीबीडीईएमसी वापरतात. कर्करोगात ज्यांचं प्रमाण बदललेलं दिसतं अशा मायक्रोआरएनएंची ती जंत्री आहे, आणि तिच्या दुसऱ्याच आवृत्तीत दोन हजारांवर नावं होती. एवढ्या मोठ्या जंत्रीत डोळे मिटून उचललेली पन्नास नावंही बरीचशी सापडणार. तेव्हा तशी पन्नास उचलून किती सापडतात, हा आकडा शेजारी दिल्याशिवाय पहिल्या आकड्याला अर्थ नाही. हे मी ठामपणे म्हणते.

शून्याचं एक व्हायला काय लागतं, ते मी प्रयोगशाळेत उभं राहून पाहिलं. आमच्या गटातला एक पीएचडीचा विद्यार्थी रक्ताच्या नमुन्यांवर काम करत होता. आधी नीतिसमितीची परवानगी, रुग्णाची संमती. नमुना घेताना तांबड्या पेशी फुटल्या तर तो बाद, कारण त्यांच्यात मीर-४५१ आणि मीर-१६ ठासून भरलेले असतात आणि ते बाहेर पडले की सगळं मोजमाप बिघडतं. आपल्या बोटांवरच आरएनए तोडणारी विकरं असतात, म्हणून हातमोजे सतत बदलायचे. साठवण उणे ८० अंशांवर. मग मोजणी, तीही पुन्हा पुन्हा. प्रमाण बदललेलं दिसलं तरी तो मायक्रोआरएनए नेमका कुठल्या जनुकाला चिकटतो हे दाखवायला ल्युसिफरेज या प्रकाश देणाऱ्या विकराचा वेगळा प्रयोग. हे सगळं एका चौकटीसाठी. तो मला म्हणाला, “ताई, तुमच्या यादीतली पहिली तीनच नावं मला परवडतील. तेवढी नीट द्या.” त्यानंतर मी एयूसीपेक्षा यादीच्या अगदी वरच्या टोकाला काय आहे, याकडे जास्त पाहू लागले.

माझं माहेर सिंधुदुर्गात. दोडामार्गच्या बाजूला २०१६नंतर माकडतापाने माणसं दगावली आहेत. लेप्टोचा ताप कोकणात दर पावसाळ्यात डोकं काढतो. ज्या आजारावर मायक्रोआरएनएचे प्रयोगच झाले नाहीत त्याला अशा तक्त्यात स्तंभ मिळत नाही, आणि ज्यावर मोजके झाले त्याच्या स्तंभात शून्यांशिवाय फारसं काही नसतं. कर्करोगांचे स्तंभ भरलेले आहेत कारण त्यांच्यावर प्रयोग करायला पैसा आणि माणसं आहेत. मॉडेल कितीही खोल केलं तरी ही उणीव त्याला भरून काढता येणार नाही. ती भरायला आपल्याकडच्या प्रयोगशाळांनी आपल्या आजारांचे नमुने तपासले पाहिजेत, आणि संबंध सापडला नाही तर तेही छापलं पाहिजे.

हे काम शिकायला मोठा संगणक लागत नाही. एचएमडीडी मोफत उतरवून घेता येतो, मेशही मोफत आहे, आणि ४९५ गुणिले ३८३चा तक्ता साध्या लॅपटॉपवर चालतो. संगणकाच्या विद्यार्थ्यांनी हे जरूर करून पाहावं. फक्त मॉडेल लिहिण्याआधी ओळींच्या आणि स्तंभांच्या बेरजांचा तो साधा गुणाकार करून त्याचा आकडा लिहून ठेवा, आणि जवळच्या एखाद्या प्रयोगशाळेत जाऊन नमुन्यांवर काम करणाऱ्या माणसाला भेटा.